दुमडलेला कागद

"घड्या सगळ्या मीच उघडल्या, बाई," कारकून म्हणाला. "मशीनला घडी चालत नाही, कागद अडकतो. पट्टी फिरवून एकेक सपाट केला. सकाळचा अर्धा वेळ त्यातच गेला बघा."

इंग्रजीच्या बाई ऑफिसच्या दारातच थांबल्या. टेबलावर नववीचे पत्रलेखनाचे कागद इस्त्री केल्यासारखे रचून ठेवले होते.

बाईंच्या वर्गात बावीस वर्षं एक रीत होती. आपलं लिहिलेलं कुणापुढे जायला नको असेल, तर कागद दुमडून द्यायचा. दुमडलेला कागद बाई एकट्या वाचत, चुका पेन्सिलीने दाखवत आणि तसाच दुमडून परत देत. स्टाफरूममध्ये या रीतीची थट्टा व्हायची. पण मुलं मनापासून इंग्रजी लिहीत ती याच कागदांवर. घरात जे बोलायची सोय नाही, ते घरात कुणालाच न येणाऱ्या भाषेत लिहायला काय हरकत होती!

यंदा संस्थेने इंग्रजीचा सगळा कारभारच बदलला. कागद आता बाईंकडे येण्याआधी ऑफिसात जायचे. तपासायचं मशीनने, गुणही त्यानेच द्यायचे. बाईंनी फक्त शिकवायचं. बैठकीत बाईंनी दोनदा हात वर केला होता, पण लक्षात घेतो कोण?

"हे कागद नुसते तपासलेत ना?" बाईंनी विचारलं.

"तपासले, आणि घरी पण गेले. सव्वाअकरालाच. पालकांच्या मोबाइलवर." कारकून खुशीत होता. "आणि गंमत सांगू? ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांना आपल्या भाषेत वाचून दाखवतं. पहिल्यांदाच कळतंय लोकांना, पोरं काय लिहितात ते."

बाई भराभर कागद चाळू लागल्या. बहुतेकांवर मधोमध एकच रेघ होती. एका कागदावर दोन रेघा होत्या, आडवी आणि उभी. चार पदरी घडी. तिसऱ्या बाकावरच्या मुलीचं अक्षर.

पत्र आईला होतं. वर 'To' लिहून आईचा पत्ता होता. गाव, रस्ता, लाँड्रीच्या मागची इमारत, तिसरा मजला, डावीकडचं दार. 'अर्धा पत्ता, अर्धे गुण' हे बाईंचंच वाक्य. पोस्टमनला दार सापडलं पाहिजे, असं त्या दरवर्षी फळ्यावर खडू आपटून सांगत. खाली मुलीने लिहिलं होतं: तू कुठे आहेस ते बाबांना अजून माहीत नाही. मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुझ्या हाताचं प्लास्टर निघालं का?

मशीनने दहापैकी दहा दिले होते.

"हे परत घ्या," बाई म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता."

"एकदा गेलं की गेलं, बाई." कारकुनाने स्क्रीनवर बोट फिरवलं. "आणि हिच्या वडिलांनी तर ऐकलंय. एकदा नाही, दोनदा! बघा, पालक कसे लक्ष घालायला लागलेत."

बाईंचा चेहरा बघून त्याचं हसू जागीच विरलं.

शिपायाने मुलीला वर्गातून बोलावून आणलं. ती ऑफिसात आली ती त्या सपाट कागदाकडे बघतच.

"मी घडी घातली होती, बाई."

"हो गं, बाळा."

"चांगली चार पदरी घातली होती."

"आईचा फोन नंबर आहे तुझ्याकडे?"

मुलीने मान हलवली. "नंबर बाबांना सापडेल म्हणून दिलाच नाही तिने. पत्ताच दिला फक्त. तोही मी पाठ करून चिठ्ठी फाडून टाकली."

"इथून किती लांब आहे?"

"बसने दोन तास."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन वाजले होते. बाईंनी मनातल्या मनात हिशोब केला. सव्वाअकरा आणि दोन तास. कारकून पट्टी ड्रॉवरमध्ये ठेवू लागला, पुन्हा बाहेर काढू लागला. "मला काय माहीत, बाई," तो पुटपुटला. "मला सपाट करायला सांगितलं होतं."

पोलिसांना फोन लावायला बाईंनी हात पुढे केला आणि तोच ऑफिसचा फोन वाजला. कारकुनाने सवयीने स्पीकरचं बटण दाबलं.

"इंग्रजीच्या बाई आहेत का?" आवाज मऊ होता, अदबीचा. मागे कुठेतरी जिन्यात पावलं घुमत होती. "मी तिचा बाबा. म्हटलं, आभार मानावेत. पोरीला फार छान शिकवलंत तुम्ही."

"तुम्ही कुठे आहात?" बाईंचा आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

"लाँड्री लगेच सापडली. तिसरा मजला, डावीकडचं दार. सगळं लिहिल्यासारखंच आहे, बाई. कुणाला विचारावंसुद्धा लागलं नाही. एक मिनिट हं."

पलीकडे दारावरची बेल वाजली. मग आतून, लांबून, एका बाईचा आवाज आला.

"आले, आले!"

मुलीने चटकन मान वर केली. चार महिन्यांनी ती हा आवाज ऐकत होती.