दुधाचा खाडा

हॉस्पिटलातून माझी बायको प्रेमला गेल्याचा फोन आला, त्या दिवशी मला दारू सोडून आठ महिने झालेत असं सगळे समजत होते. व्यसनमुक्ती केंद्रात सांगितलं होतं, एक घोट घेतला तरी दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. त्यामुळे या आठ महिन्यांत फरीदाबादला कामाला गेलो असताना चार वेळा प्यायलो, ते मी घरी कधी कळू दिलं नाही.

तिला जाऊन आज नऊ दिवस झाले. सकाळी दूधवाला सतबीर दारात उभा राहून म्हणाला, "भाईसाब, भाभीजी ने इस साल एक दिन भी दूध बंद नहीं कराया. अब आधा लीटर दूँ?"

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर प्रेमलाने केलेल्या चार फुल्या आहेत. त्या दुधाच्या खाड्याच्या असं मी धरून चाललो होतो. आज तारखा नीट पाहिल्या, चारही माझ्या होत्या. आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी डबा हातात देताना ती एवढंच म्हणायची, "अहो, आज सरळ घरी या. झुणका करते."



कालच्या तारखेवर फुली करायची राहिली आहे.