बाबांचा खेळाडू

टोरंटोकडून बास्केटबॉल खेळणाऱ्या त्या अमेरिकन खेळाडूचा कुठला गुडघा कधी दुखावला, हे बाबांना तोंडपाठ होतं. माझं ऑपरेशन कुठल्या गुडघ्याचं झालं, हे ते आईला विचारायचे. मी ओटावाहून मिसिसागाला आई-बाबांकडे आले की टीव्हीवरून नजर न हलवता म्हणायचे, "बस गं जाई, एवढा क्वार्टर संपू दे." मला त्या माणसाचा भयंकर हेवा वाटायचा.

बाबांचं तेरावं झालं, त्याच आठवड्यात तो निवृत्त झाला. "लाव गं टीव्ही," आई म्हणाली, "ह्यांनी चुकवलं नसतं." चला, आता तरी माझा हेवा संपेल, असं वाटलं.

पत्रकार प्रश्न विचारत होते, आणि तो मान वाकवून, मांडीवर बसलेल्या आपल्या मुलीचं ऐकत होता.