पलीकडचं कुत्रं

"बंद कर! अरे, बंद कर म्हणते ना!" ओरावान दबक्या आवाजात ओरडली.

थनितचं बोट बटणापर्यंत पोचेतो व्हायचा तो घोळ झालाच होता. लाऊडस्पीकरमधून पाणकोंबडी तीनदा बोलली, आणि पाठोपाठ कुत्रंही भुंकलं. दोनदा भुंकलं आणि शेवटी लांबलचक केकाटलं.

"अगं, हातात भाताची पुरचुंडी होती," थनित म्हणाला.

"तुझ्या हातात कधी नसते?"

होडी लव्हाळ्यात खुपसून दोघं उजाडायच्या आधीपासून बसले होते. ओरावानच्या मानेवर डास, पोटरीला जळू आणि शेजारी सुकी मासळी चघळणारा थनित. दोघं एम.एस्सी. करायला निघालो तेव्हा हे कोणी सांगितलं नव्हतं, असं तिला रोज वाटायचं.

ही लाजरी पाणकोंबडी वीसेक वर्षांत कोणाच्या नजरेला पडली नव्हती. दोघांच्या मार्गदर्शक सरांनी तरुणपणी याच तळ्यावर तिचा आवाज टेप केला होता. अख्ख्या देशात तिचा आवाज तेवढा एकच, आणि सर तो मागेल त्याला प्रसादासारखा वाटायचे. टेप संपता संपता कुठलंसं गावठी कुत्रं मध्ये घुसलं होतं. पण मूळ नोंदीला कात्री लावायची नाही, असा सरांचा हुकूम. त्यामुळे प्रसादात कुत्रंही यायचं.

काम तसं सोपं होतं. टेप वाजवायची, गप्प बसायचं आणि खरी पाणकोंबडी उत्तर देते का ते ऐकायचं.

आणि ती देत होती! तळ्याच्या पलीकडून, लव्हाळ्याच्या दाट पट्ट्यामागून. पहिल्यांदा उत्तर आलं तेव्हा ओरावान होडीतच रडली होती. आईला फोन करून म्हणाली होती, "चटया विणत राहा. तळं कुठे जात नाही."

कारण तळं जायला निघालं होतं. खोदाईची पिवळी यंत्रं बांधावर येऊन उभी होती. लव्हाळा उपटून तिथे खोल जलाशय करायचा घाट होता. त्याच लव्हाळ्याच्या चटयांवर ओरावानची आई आणि अर्धं गाव जगत होतं. पाणकोंबडी आहे हे सिद्ध झालं तरच खोदाई थांबणार होती.

तिनं उत्तराची टेप खोदाईचा निर्णय घेणाऱ्या समितीकडे पाठवली. समितीनं ती परत पाठवली. 'कुत्रं ओळखता आलं. पक्ष्याची खात्री पटत नाही. शनिवारच्या बैठकीआधी स्वच्छ नोंद द्यावी.'

मेलं ते पलीकडचं कुत्रं! पाणकोंबडीनं तोंड उघडलं रे उघडलं की हे भुंकलंच.

"आपल्या टेपमधलं ऐकून चेकाळतं ते," थनितचं म्हणणं. "एक भुंकलं की दुसऱ्याला राहवत नाही."

"म्हणून तर सांगते, कुत्र्याच्या आधी बंद कर!"

दुसऱ्या दिवशी बटण तिनं स्वतःच्या ताब्यात घेतलं. पाणकोंबडी तीनदा बोलली आणि तिनं खटकन टेप बंद केली. सगळीकडे शांत झालं. थनितनंसुद्धा चघळणं थांबवलं. तिनं माइक उंच धरला.

पलीकडून उत्तर आलं. एकदा, दोनदा, तीनदा. इतकं स्पष्ट की तिच्या अंगावर काटा आला.

मग कुत्रं भुंकलं.

ओरावानच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आज तर आपलं भुंकलंसुद्धा नाही! आता काय धाड भरली याला?"

"सवय लागली असेल," थनित म्हणाला.

"मी जाते तिकडे. त्या मालकाला चांगलं फैलावर घेते आणि बांधायलाच लावते."

"मालकाला?"

"कुत्र्याला! आण ती मासळी इकडे."

"अगं, माझी न्याहारी आहे ती!"

"कुत्र्याचं तोंड बंद करायला लागेल. आणि नीट ऐक. मी पोचले की हात वर करीन, मग टेप लाव. मी जवळूनच नोंद घेते. निदान आज तरी वेळेवर बंद कर, बाबा."

थनितला बांधावर उतरवून ती एकटीच निघाली. वल्ह्याला शेवाळ गुंडाळत होतं, वाटेत एक म्हैस आडवी आली. मनातल्या मनात तिनं मालकाला सुनावायचं सगळं घोकून ठेवलं. आज शुक्रवार होता. ऐकलं नाहीच तर पायसुद्धा धरायची तिची तयारी होती.

पलीकडच्या टोकाला पोचून तिनं हात वर केला आणि लव्हाळा बाजूला सारला.

तिथे घर नव्हतं, आवार नव्हतं. हिरव्या जाळीखाली एक होडी होती आणि होडीत दुसऱ्याच विद्यापीठाचा सदरा घातलेली एक मुलगी. गळ्यात हेडफोन, मान डासांनी फोडलेली. तिनं पटकन ओठांवर बोट ठेवलं.

ओरावानच्या पाठीमागून, पाण्यावरून आवाज आला. पाणकोंबडी तीनदा बोलली. पाठोपाठ कुत्रंही भुंकलं; थनितला टेप वेळेवर बंद करणं आजही जमलं नाही.

मुलीचा चेहरा उजळला आणि लगेच आंबट झाला. तिनं घाईघाईनं काठीला टांगलेल्या स्पीकरचं बटण दाबलं. ओरावानच्या कानापासून हातभर अंतरावर पाणकोंबडी तीनदा बोलली, कुत्रं दोनदा भुंकलं आणि लांबलचक केकाटलं.

"ऐकलंत ना ताई? रोज उत्तर देते!" मुलगी कुजबुजली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तळं वाचलं म्हणायचं. फक्त आमच्या टेपमधलं कुत्रं ऐकून तिकडचं ते चेकाळतं. तुमचंच का हो ते? उद्यापुरतं तरी बांधून ठेवा ना, हात जोडते."