सूपभर सुकेळी

“आई गे, मी नाय खाल्ली!” शेजारच्या छोट्या इनासचा तो टाहो पस्तीस वर्षं झाली तरी वसईतल्या पापडी गावच्या फिलोमिनाच्या कानातून जात नव्हता. त्याच्या आईनं केळी सोलून उन्हात वाळत ठेवलेल्या सुपातली दोन सुकेळी फिलोमिनानंच पळवली होती. वरचं फडकं परत घालायचं ती विसरली, उरलेली कावळ्यांनी नेली असणार, आणि मार पडला इनासला. दर ईस्टरआधी ती चर्चमध्ये पापनिवेदनाला जाई, फादरना राग-लोभ सगळं सांगे. सुकेळी तेवढी घशात अडकून राहत.

यंदा पापनिवेदन ऐकायला बाहेरून फादर आले होते. तिची पाळी आली, आणि जाळीआडून “ये, बाय” म्हणाला तो सेमिनरीत जाऊन फादर झालेला इनासच! ती मागे फिरणार, तोच रांगेतल्या सुझाननं तिला पुढं ढकललं. “एवढी कसली गं पापं, की पळ काढतेस?”

फिलोमिना गुडघ्यांवर टेकली. “फादर, प्रभूनं आपल्या पापांसाठी मार खाल्ला, तसा माझ्या पापासाठी तुम्ही खाल्लात. ती दोन सुकेळी मी खाल्ली. फडकं मी काढलं, म्हणून कावळे आले. क्षमा करा.”

जाळीपलीकडे आधी खुर्ची करकरली. मग खुदखुद. मग खाकरणं. मग पुन्हा अशी खुदखुद, की अख्खी रांग माना उंचावून बघू लागली.

“देवानं कधीच क्षमा केली, फिलू. आता तू मला कर.

कावळे कुठले गं? उरलेली चौदा मीच खाल्ली होती!”