जाडा तांदूळ

डब्याचं झाकण काढलं आणि एस्तेरबाई बघतच राहिल्या. आगमनकाळ लागल्यापासून नाताळपर्यंत, रोज भात टाकताना त्या गरिबांसाठी मूठभर आंबेमोहोर या डब्यात काढायच्या. मग हे जाडेभरडे दाणे आले कुठून? उंदीर तांदूळ नेतात, आणून टाकत नाहीत!

दुसऱ्या दिवशी त्या दाराआडून पाहत राहिल्या. भांडी घासून झाल्यावर हौसानं हात पुसले, पदराची गाठ सोडली आणि मूठभर रेशनचा तांदूळ डब्यात टाकला.

“हौसा, अगं हे काय?”

ती दचकली. “तुमीच म्हणला न्हवं बाई, ज्याची चूल पेटत न्हाई त्याच्यासाठी हाय म्हणून? माझी तर पेटती.”

एस्तेरबाईंनी डब्यावरची चिठ्ठी हळूच सोलून मुठीत लपवली. डबा कुणाला द्यायचा, ते चर्चनं तिच्यावर लिहून दिलं होतं. नाव हौसाचंच होतं.