बंदर धोरणावरची चर्चा

लोककल्याणाची तळमळच आमदाराला सभागृहात बोलतं करते. आमदार पडवेकरांना मात्र पक्षप्रतोदांनी बोलतं केलं. बंदर धोरणावरची चर्चा संपत आली होती आणि उत्तर देणारे मंत्री जागेवर नव्हते. "पडवेकर, ते येईपर्यंत खिंड लढवा!"

बंदरं लगेच संपली. मग पडवेकर आपल्या गावच्या शाळेवर आले. शौचालय नाही म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, असं सांगत असताना मंत्री धापा टाकत आले आणि सवयीनं म्हणाले, "मागणी मान्य आहे."

शौचालय झालं. उद्घाटनाला मुली गटागटा पाणी प्यायल्या. मुख्याध्यापिका तांडेलबाईंना भरून आलं. "भाऊ, किती जीव तोडून बोललात तुम्ही!"

पडवेकरांचेही डोळे पाणावले. "बाई, आभार माझे नकोत," ते मनापासून म्हणाले.

मंत्र्यांचं त्या दिवशी जेवण लांबलं होतं.