तीन एक्स अधिक चार वाय

“एक्स-इंटरसेप्ट काढून दाखवा,” म्हणत कादंबरीने मार्कर विनयच्या हातात ठेवला.

डायनिंग रूममधल्या पांढऱ्या बोर्डावर समीकरणही तिनेच लिहिलं होतं: 3x + 4y = 12. आठवीतली पोर, पण खुर्चीत अशी मांडी ठोकून बसली होती, की साक्षात शिक्षणमंत्र्यांनीही तिला विचारूनच पाणी प्यावं.

बाहेर टेक्ससमधल्या प्लेनोचं ऊन रस्त्यावरचं डांबर शिजवत होतं. आत एसी इतका गार, की आइस्क्रीमने शाल मागितली असती. तरी विनयला घाम फुटला होता. खोटं वाटेल, पण त्या घामावर पुढचं अख्खं लॉन भिजलं असतं. सकाळपासून त्याने शर्टावर शर्ट बदलले होते आणि येताना हायवेवरचा रोजचाच एक्झिट चुकवला होता.

“मॉम म्हणाली, तुम्हाला मॅथ येतं.”

“नागपूरला होतो तेव्हा यायचं.”

“आधीचे अंकलपण असंच म्हणाले. मग सारखे फोन बघत बसले. त्यांना आम्ही नो सांगितलं.”

स्वयंपाकघरात भांडं आपटलं. कादंबरीची आई, रुपाली, अजून बाहेर आली नव्हती. निकाल पोरीच्या हातात, हे तिने विनयला फोनवरच बजावलं होतं. पोर नको म्हणाली की विषय संपला. आणि विनयला काही झालं तरी हे घर हातचं घालवायचं नव्हतं.

त्याने घाईघाईने x च्या जागी शून्य घातलं. 4y = 12. y = 3.

“हा घे तुझा एक्स-इंटरसेप्ट. (0, 3).”

कादंबरीची नुसती एक भुवई वर गेली.

‘आमच्याकडे असंच शिकवतात,’ अशी थाप अगदी विनयच्या ओठांवर आली होती. ती गिळून त्याने सरळ बाहीनेच बोर्ड पुसला. कोऱ्या शर्टावर निळा फराटा उठला.

“चुकलो गं. हा वाय-इंटरसेप्ट झाला. रेघ एक्सच्या अक्षाला भेटते, तिथे शून्य वायला व्हावं लागतं.” त्याने पुन्हा लिहिलं. 3x = 12. x = 4. “हा बघ. (4, 0).”

“बट व्हाय? वाय काय डिलीट होतो?”

“छे! त्या एका बिंदूपुरता गप्प बसतो. दुसऱ्याच्या अक्षावर पाय ठेवायचा, तर आपला तोरा बाहेर ठेवून यावं लागतं.”

“आणि उद्या मला हे परत नाही कळलं तर? ओरडणार?”

“परत सांगीन.”

“मग मध्येच सोडून जाणार? आय हेट दॅट.”

“तू हाकलल्याशिवाय नाही.”

कादंबरीने त्याच्या बाहीवरचा निळा फराटा जरा वेळ न्याहाळला. मग मार्कर काढून घेतला, दोन्ही बिंदू मांडले, त्यांतून एक लांबलचक रेघ ओढली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडली,

“मॉम, पोहे आण बाहेर! हे चालतील. कर तू लग्न!”